डाव्या बाजूची कवडी

वामनरावांचे डोळे अख्ख्या वडनेर भोलजीत सगळ्यांत पांढरे होते, आणि त्याचं श्रेय त्यांचा मुलगा गोकुळ स्वतःकडे घ्यायचा. पुढे हेच श्रेय कुणाच्या तरी गळ्यात घालून मोकळं व्हावं म्हणून तो माणूस शोधत फिरला. पण श्रेय एकदा घेतलं की परत करता येत नाही.

वामनराव मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे पारखी होते. शेतकऱ्याची गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतून मूठभर कापूस ओढायचा, दोन अंगठ्यांत धरून त्याचा धागा ताणायचा, उन्हात धरून रंग बघायचा आणि एकच शब्द बोलायचा. कापूस पांढराशुभ्र असला तर ‘चालते’. पिवळा, डागाळलेला, किडका असला तर ‘कवडी’. आणि हंगाम संपल्यावर जुन्याच झाडाला आलेला शेवटचा मरतुकडा कापूस असला तर ‘फरदड’. या तीन शब्दांवर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. घरी आल्यावर चौथा शब्द शिकायची त्यांना गरज वाटली नाही. गार झालेली भाकर कवडी. शेजारची केसरबाई कवडी. गोकुळचा बारावीचा निकाल लागला तेव्हा ते दोन दिवस काहीच बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी आंघोळ करता करता आतूनच म्हणाले, ‘‘फरदड.’’

थोडक्यात, जगात जे पांढरं ते चांगलं. उरलेल्याचा भाव पाडून घ्यायचा.

आता, तीस वर्षं कापसाच्या धुळीत उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे कसे असतील? लाल. हंगाम सुरू झाला की वामनरावांचे डोळे मिरचीच्या खळ्यावरून आल्यासारखे दिसायचे. खाज इतकी, की ते समोरच्याशी बोलता बोलता डोळा चोळायचे आणि समोरच्याला वाटायचं, आपल्या कापसाला पाहून माणूस रडतोय. एका साली मलकापुरात डोळ्यांचं शिबिर भरलं. तिथल्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. आठ दिवस टाका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी डोळे पांढरे. वामनरावांनी आरसा खिडकीत उजेडाला धरला, दोन्ही अंगठ्यांनी पापण्या ताणल्या, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘चालते.’’

गीताबाई चुलीपाशी थबकल्या. लग्नापासून आजवर हा शब्द त्यांच्या वाट्याला एकदाही आला नव्हता.

आठ दिवस संपले. पण गुण आलेलं औषध कोणी फेकतं का? पंखा आठ दिवस चालवला म्हणून नवव्या दिवशी कोणी घाम पुसत बसत नाही. गोकुळचा शाळेपासूनचा दोस्त जीवन मलकापूरला आपल्या मामाच्या मेडिकलवर बसायचा. चिठ्ठी वगैरे मागणं म्हणजे दोस्तीत शिवी दिल्यासारखं, असं जीवनचं मत होतं. ‘‘काकाचे थेंब ना? घेऊन जाय बे. चिठ्ठी मागायले मी काय पोलीस हावो?’’ असं म्हणून तो बाटली आधी काउंटरवर ठेवायचा आणि नमस्कार नंतर करायचा.

अडचण एकच होती. मुठीतल्या कापसातला पानाचा बारीक कण अचूक उचलणाऱ्या वामनरावांना स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकता येत नसे. पहिल्या दिवशी थेंब मिशीत गेला, दुसऱ्या दिवशी कानात, आणि एकदा तर शेजारी ठेवलेल्या वरणात. ते वरण कोणी खावं यावर घरात चर्चा झाली. शेवटी थेंब टाकायचं काम गोकुळकडे आलं.

गोकुळ मलकापूरलाच फ्लेक्सच्या दुकानात होता. वाढदिवस, निवड, नियुक्ती, ‘भावी’ अमुक, ‘भावी’ तमुक. लोकांचे चेहरे उजळ करायचे, पोटं कमी करायची आणि रात्रीच्या जागरणाने लाल झालेले पुढाऱ्यांचे डोळे पांढरे करायचे, हा त्याचा धंदा. त्यामुळे दिवसभर कॉम्प्युटरवर करायचं तेच संध्याकाळी घरी हाताने करायचं, इतकाच फरक. बाप खाटेवर आडवा व्हायचा. गोकुळ डावा तळहात त्याच्या कपाळावर ठेवायचा, खालची पापणी हलकेच ओढायचा आणि म्हणायचा, ‘‘पाहा वर.’’ वामनराव वर आढ्याकडे बघायचे. टप. दुसरा डोळा. टप. ‘‘हां. मिटा आता.’’

याआधी बापाच्या अंगाला गोकुळचा हात लागला होता तो सातवीत, आणि तो सुद्धा उलट दिशेने. बापाचा हात गोकुळच्या गालाला. त्यानंतर दोघांनी एकमेकांना स्पर्श करायचं कारण पडलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी पडायचं. थेंब टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असायचं आणि त्या पाच मिनिटांत वामनराव बोलायचे. उघड्या डोळ्यांनी जे कधी बोलले नाहीत ते. तरुणपणी त्यांना रेल्वेत तिकीट तपासनीस व्हायचं होतं. गीताबाईला बघायला गेले तेव्हा त्यांनी चुकून तिच्या मोठ्या बहिणीला पसंत केलं होतं. एका साली जिनिंगच्या शेठच्या सांगण्यावरून त्यांनी एका गरीब माणसाच्या चांगल्या कापसाला कवडी म्हटलं होतं आणि तो माणूस काही न बोलता गाडी घेऊन परत गेला होता. ‘‘बोलला असता तर बरं झालं असतं बे,’’ वामनराव म्हणाले होते. गोकुळ ऐकत बसायचा. पाच मिनिटं झाली की बाप डोळे उघडायचा आणि पुन्हा वामनराव व्हायचा.

त्या थेंबांची कीर्ती आळीत पसरली. केसरबाई एकदा डोळ्याला पदर लावून आली. ‘‘वामनभाऊ, माह्याही डोयात एक टाका ना. लय आग होऊन राह्यली.’’

‘‘हे पारख्याचे थेंब हायेत,’’ वामनराव म्हणाले. ‘‘तुले काय पारखायचं हाये?’’

बाटली त्यांनी खिशात टाकली. केसरबाई महिनाभर बोलली नाही. वामनरावांच्या चिकटपणामुळे कोणाचं भलं झाल्याचं हे एकमेव उदाहरण, आणि ते केसरबाईला आजही पटवून देता येत नाही.

तीन हंगाम असे गेले.

मग घरातल्या वस्तू डाव्या बाजूला सरकायला लागल्या, असं वामनरावांचं म्हणणं. पाण्याचा पेला ठेवला तिथे नसायचा. दाराची चौकट मध्येच पुढे यायची. ‘‘गीता, हे बाज कोणं सरकवली?’’ बाज त्यांच्या लग्नापासून तिथेच होती. गीताबाईंना वाटलं, नवरा म्हातारा व्हायला लागला आणि म्हातारपणी खुसपट काढायची सवय लागते. तशी ती वामनरावांना तरुणपणीही होती, त्यामुळे फरक कळायला वेळ लागला.

गावात वेगळंच घडलं. वामनराव रस्त्याने सरळ मान ठेवून जायला लागले. डावीकडून कोणी रामराम घातला तर बघतसुद्धा नसत. सुरुवातीला लोकांना राग आला. मग लोक विचारात पडले. आपल्याकडे जो माणूस ओळख देत नाही त्याच्याकडे काहीतरी आहे, असा नियम आहे. कोणी म्हणालं जमिनीचा मोबदला मिळाला, कोणी म्हणालं वरून तिकीट मिळतंय. ज्यांनी तीस वर्षं रामराम घातला नव्हता ते मुद्दाम डाव्या बाजूने येऊन रामराम घालायला लागले. त्यांनाही उत्तर मिळेना, तेव्हा खात्रीच पटली. त्या साली वामनरावांच्या वाढदिवसाला चार उत्साही मंडळींनी ‘भावी सरपंच’ असा फ्लेक्स करायला टाकला. तो गोकुळनेच केला. बापाचे डोळे मोठे करून पाहिले तर इतके पांढरे, की सॉफ्टवेअरला काही कामच उरलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. त्याने ते तसेच ठेवले.

मग एक दिवस बशीरचाचा दुकानात आले. बशीरचाचा म्हणजे त्याच जिनिंगमधल्या वजनकाट्यावर बसणारे. वामनरावांबरोबरच लागलेले, वामनरावांइतकेच जुने. त्यांची नात अंजुम दहावी पास झाली होती, तिचा फ्लेक्स हवा होता. फोटो देऊन झाला, मजकूर सांगून झाला, तरी ते उठेनात.

‘‘चहा सांगू चाचा?’’

‘‘चहा ऱ्हाऊ दे. गोकुळ, एक विचारू? तुया बापाले डाव्या बाजूचं दिसते काय?’’

‘‘काऊन?’’

बशीरचाचांनी खुर्ची जवळ ओढली. ‘‘पाह्य, मी काट्यावरचा माणूस. मी वजन पाह्यतो, माल नाही पाह्यत. पण मले दिसते ना बे. गाडीवाले गेटवर थांबून मले विचारून राह्यले, की चाचा, वामनराव आज कोणत्या तोंडानं उभे हायेत? मी म्हटलं तुमाले काय त्याची फोटो काढायची हाये? मंग कयलं. पिंपळगाव राजाचे असो, कुठचेही असो, सबन गाडीवाले वामनरावाच्या डाव्या हाताले कवडी भरून आणून राह्यले. उजवीकडं पांढरा माल. वामनराव पाह्यतो, चालते म्हणतो. हा सारा हंगाम असाच गेला.’’

गोकुळ हसला. त्याला वाटलं चाचा गंमत करतायत.

‘‘हसू नको. परवा तर एका पोट्ट्यानं डाव्या बाजूले ओली सरकी, गोटे अन् एक फाटकी चप्पल भरून आणली. शर्यत लागली होती म्हणे त्याईची. वामनरावानं पास केली.’’

मशीनमधून अंजुमचा फ्लेक्स हळूहळू बाहेर येत होता. आधी ‘हार्दिक’, मग ‘अभिनंदन’. गोकुळ त्याकडे बघत राहिला. म्हणजे निदान झालेलं होतं. अख्ख्या तालुक्याला झालेलं होतं. कोणता डोळा, कोणती बाजू, किती अंतरापर्यंत, सगळं. गाडीवाल्यांनी टाचेपासून ट्रॉलीपर्यंत मोजून घेतलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्याला, जो रोज संध्याकाळी त्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघत होता.

‘‘चाचा, तुमी आधी काऊन नाही सांगतलं?’’

‘‘मले वाटलं तुमाले माहीत असन,’’ बशीरचाचा म्हणाले. ‘‘घरचे हा तुमी.’’

खामगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम होत्या. तरुण, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांचा दाब मोजला, भिंगातून आत पाहिलं आणि वामनरावांना एका यंत्रात डोकं घालून बसवलं. यंत्रात ठिपके चमकतात. ठिपका दिसला की बटण दाबायचं. वामनराव बटण धरून पारख्याच्या ऐटीत बसले. बराच वेळ गेला. बाहेर आले ते नाराज होऊन.

‘‘काय झालं?’’ गोकुळने विचारलं.

‘‘मशीन फरदड हाये बे. ठिपकेच नाहीत त्याईच्यापाशी. मधात मधात एखांदा सोडते.’’

मॅडमनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि गोकुळला आत घेतलं. कागदावर दोन गोल होते. बापाच्या नजरेचा नकाशा. डावा गोल जवळजवळ सगळा काळा. उजव्याच्या मध्ये पांढरा तुकडा, वडाच्या पानाएवढा.

‘‘डोळ्यात काही औषध टाकत होते का?’’

गोकुळने बाटलीचं नाव सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

‘‘किती दिवस?’’

‘‘तीन... हंगाम.’’

‘‘हे स्टेरॉइड आहे. लाली जाते, खाज जाते, छान वाटतं. म्हणूनच ते आठवडाभर द्यायचं आणि बंद करायचं. काही लोकांना यामुळे डोळ्याच्या आतला दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही, काही कळत नाही. दाबाने मागची नस सुकत जाते. कडेकडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. म्हणून माणसाला वाटतं आपल्याला दिसतंय.’’

‘‘ऑपरेशन करून वापस येईन ना, मॅडम?’’

‘‘मोतीबिंदू असता तर काढून भिंग बसवलं असतं. नस बसवता येत नाही. गेलं ते गेलं. उजव्या डोळ्यात जे उरलंय ते वाचवायचं. ते थेंब आजपासून बंद. एकही नाही. हे नवीन, रोज रात्री, कायमचे. दोन महिन्यांनी दाखवा.’’ मग त्यांनी सहज विचारलं, ‘‘थेंब कोण टाकत होतं?’’

‘‘घरचे,’’ गोकुळ म्हणाला.

बाहेर वामनराव बाकावर बसले होते. तपासणीच्या औषधाने डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, चेहरा लहान मुलासारखा. ‘‘काय म्हणते मॅडम?’’

गोकुळने तोंड उघडलं. खरं तर त्याच्याजवळ तेव्हा सगळी वाक्यं होती. मॅडमनी दिलेली, सोपी, क्रमाने लावलेली. पण त्यातलं एकही त्याच्या तोंडातून येईना. ‘‘वयोमानानं हाये म्हणते. नवीन थेंब दिले. जुने बंद करा लागते.’’

‘‘जुने काऊन बंद? त्याईनं त गुण हाये.’’

आणि गोकुळ म्हणाला, ‘‘कंपनी बंद पडली.’’

हे कुठून आलं त्याला आजही माहीत नाही. वामनराव मान हलवत म्हणाले, ‘‘चांगल्या कंपन्या टिकत नाहीत.’’ एसटीत नांदुऱ्यापर्यंत ते त्या कंपनीच्या दुःखात होते.

सांगू, असं गोकुळने ठरवलं होतं. घरी गेल्यावर सांगू. मग वाटलं, आईसमोर नको. मग वाटलं, शेठने बाबांना नुकतंच ‘सध्या आराम करा’ म्हणून घरी बसवलंय, त्यावर हे नको. पोळा होऊ दे. गणपती होऊ दे. जीवनलाही सांगायचं होतं. पण त्याला काय सांगणार? तुझ्या थेंबांनी माझा बाप आंधळा झाला? तो म्हणाला असता, थेंब माझे, पण हात कोणाचा? म्हणून मेडिकलवरून जाताना गोकुळ गाडीचा वेग वाढवायचा आणि जीवनला वाटायचं, दोस्त कामात आहे.

नवीन थेंब झोंबायचे. टाकले की वामनराव पाय आपटायचे. सकाळी डोळे लाल. त्यांनी आरसा अगदी नाकाला लावला, उरलेल्या तेवढ्या पांढऱ्या तुकड्यातून स्वतःकडे पाहिलं आणि निकाल दिला. ‘‘फरदड.’’

‘‘असंच असते सुरुवातीले.’’

‘‘डोया लाल करते ते औषध कसं बे? कापसाले कोणी काया करून इकते काय?’’

‘‘तुमी मिटा डोये.’’

ते मिटायचे. पण त्या पाच मिनिटांत आता बोलत नसत. दात आवळून, मुठी वळून पडून राहायचे. गोकुळ शेजारी बसून राहायचा. गोष्ट सांगायची पाळी आता त्याची होती आणि त्याच्याजवळ एकच गोष्ट होती.

महिनाभराने डोळे पांढरे झाले. पुन्हा तसेच, लखलखीत. नवीन औषध अंगी लागलं, असं गोकुळला वाटलं. त्याने गीताबाईंना दाखवलं, त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात थोडं अधिक काहीतरी होतं, ते त्याला दिसलं नाही. दिवसभर डोळे पांढरे करणाऱ्या माणसाने इतके पांढरे डोळे पाहून थांबायला हवं होतं. पण स्वतःच्या घरचा फ्लेक्स कोण बारकाईने बघतं?

दोन महिन्यांनी पुन्हा खामगाव. मॅडमनी दाब मोजला. पुन्हा मोजला. मग यंत्र बदलून तिसऱ्यांदा मोजला.

‘‘नवीन थेंब टाकताय ना?’’

‘‘रोज. मी सोता टाकतो मॅडम, एक दिवस चुकलो नाही.’’

‘‘मग दाब इतका कसा?’’

वामनराव हसले. ज्याच्याजवळ सगळ्यांना चकित करणारी गोष्ट असते त्याचं ते हसू होतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, चाचपलं आणि बाटली काढून टेबलावर ठेवली. थोडी चुकून. मॅडमनी ती पडता पडता धरली.

‘‘कंपनी चालू झाली मॅडम!’’

कोणीच हसलं नाही. त्यांना वाटलं, समजलं नाही. म्हणून ते सविस्तर सांगायला लागले. ‘‘आमचा गोकुळ म्हणे बंद पडली. मी मलकापूरले गेलो त सहज जीवनच्या दुकानात इचारलं. तो म्हणे, काका, पाहिजे तेवढे घ्या. मी डझनभर घेतले, पुन्हा बंद पडली त काय करा? सकाळी याची माय टाकते. याले सांगतलं नाही. पोरगं रातच्याले एवढ्या मेहनतीनं नवीन टाकते, त्याले वाईट वाटन.’’

मॅडम गोकुळकडे बघत होत्या. ‘‘मी तुम्हाला सांगितलं होतं ना? स्पष्ट सांगितलं होतं.’’

वामनरावांनी मान वळवली. गोकुळ डावीकडे होता, म्हणून त्यांना अख्खं अंग वळवावं लागलं. ‘‘काय सांगतलं होतं?’’

मॅडमनी त्यांना पुन्हा ठिपक्यांच्या यंत्रावर पाठवलं आणि पुढचा पेशंट घेतला. यंत्र व्हायला वेळ होता. दोघं बाहेरच्या बाकावर बसले. समोर भिंतीवर हसऱ्या डोळ्यांचं चित्र होतं. या वेळी गोकुळने सांगितलं. सगळं, मॅडमच्याच क्रमाने. थेंब, दाब, नस, कडेची नजर, मधली नजर. आपण बोलतोय की वाचतोय ते त्याचं त्याला कळत नव्हतं. वामनराव समोर बघत ऐकत होते.

‘‘म्हंजे त्या थेंबानं गेलं.’’

‘‘हाव.’’

‘‘तीन हंगाम तू टाकत होता, तवा तुले माहीत होतं?’’

‘‘नाही बाबा. आईची आन.’’

‘‘नसनच. मलेही नव्हतं.’’ ते हे इतक्या सहज म्हणाले, की गोकुळच्या छातीवरून एक मोठा दगड उतरला. तो खाली पोचायच्या आत वामनरावांनी विचारलं, ‘‘अन् मागच्या वेळी आपण इथून एसटीत बसलो, तवा?’’

गोकुळने चपलेकडे पाहिलं.

‘‘तवा माहीत होतं?’’

‘‘हाव.’’

‘‘अन् तुनं म्हटलं कंपनी बंद पडली.’’

‘‘मले वाटलं तुमाले वाईट...’’

‘‘मी महिनाभर त्या कंपनीसाठी हळहळलो बे,’’ वामनराव म्हणाले. आवाज चढला नाही. ‘‘तीस वर्षं मी मानसाच्या तोंडावर कवडी म्हटलं. लोकं रडले, भांडले, पाया पडले. पण घरी जाऊन त्याईनं ते पेरलं त नाही पुन्हा. त्याईले माहीत होतं का कवडी हाये. तू मले सांगतलं असतं त मी सोडलं असतं ना. मी काय लहान हावो?’’

यावर गोकुळजवळ उत्तर होतं. तुम्ही सोडलं नसतं, तुम्ही कोणाचं ऐकता? हे उत्तर त्याने दोन महिने रोज रात्री स्वतःला दिलं होतं आणि दर वेळी ते पटलंही होतं. आता बापाच्या तोंडाकडे पाहून ते पटेना. सोडलं असतं. घरातल्या बाटल्या उकिरड्यावर फेकल्या असत्या, जीवनला दोन शिव्या दिल्या असत्या आणि लाल डोळ्यांनी बसून राहिले असते. उजव्या गोलातला तो तुकडा मागच्या वेळी वडाच्या पानाएवढा होता. आज किती असेल, हे आता आत कागदावर छापून येणार होतं.

शेजारचा एक म्हातारा सहज म्हणाला, ‘‘बापलेक काय? नाक सारखंच हाये.’’ कोणी उत्तर दिलं नाही. दोघांनाही एकदम ओळख न देणाऱ्याचा मान मिळाला आणि म्हातारा आदराने थोडा सरकून बसला.

यंत्राचं बोलावणं आलं. गोकुळ हात धरायला उठला. वामनरावांनी हात झटकला नाही, फक्त त्याऐवजी भिंत धरली. ते भिंतीच्या कडेने एकटेच आत गेले आणि गोकुळ पुन्हा बाकावर बसला. यंत्र झालं, कागद आला, मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, बसा, दाब उतरवायला आता ऑपरेशनचा विचार करावा लागेल, नजर वाढणार नाही, आहे तेवढी राहावी म्हणून. समजावून सांगते. ‘‘घरच्यांनाही आत बोलवा.’’

दारात नर्स आली. ‘‘वामनरावांसोबत कोण आहे?’’

गोकुळ बाकावरून उठला. सदऱ्याचं बटण नीट केलं. एक पाऊल टाकलं.

आतून बापाचा आवाज आला. ‘‘कोणी नाही. तुमी मले सांगा.’’

नर्सने गोकुळकडे पाहिलं, मग आत पाहिलं. दवाखान्याची माणसं अशा वेळी जे करतात ते तिनं केलं. दार लोटून घेतलं.

गोकुळ परत बसला. आतून शब्द कळत नव्हते, फक्त आवाज येत होते. मॅडमचा भरभर, मग वामनरावांचा. मग पुन्हा मॅडमचा, आता जरा हळू. मग पुन्हा वामनरावांचा, शेवटी वर जाणारा. ते प्रश्न विचारत होते. एकामागून एक, थांबून, ऐकून घेऊन, पुन्हा विचारत होते. आपल्या बापाला इतके प्रश्न पडू शकतात, हे गोकुळला कधी वाटलंच नव्हतं. दार बऱ्याच उशिरापर्यंत उघडलं नाही.